गिरजाबाईची डेग

त्या वर्षांत भिलाईत ज्याला त्याला काहीतरी मोठं उभं करायचं होतं. कुणाला भट्टी, कुणाला चिमणी, कुणाला पुलाचा खांब, आणि काहींना नुसतं स्वतःचं नाव. गिरजाबाईला करंगळीएवढ्या शिशीत मोहाच्या फुलाचा वास भरायचा होता. यात कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण लोकांना वाटलं, जातं. कारखान्याच्या पोटात लोखंड उकळायला लागलं तेव्हा हेच लोक फुगे घेऊन बघायला गेले होते. गिरजाबाईनं टोपलीभर फुलं उकळली तर पंचनामा करायला आले.

गिरजाबाई अचलपूरकडची. तिचा बाप मेळघाटाच्या पायथ्याशी एका शेठच्या रोशाच्या भट्टीवर होता. रोशा म्हणजे रानातलं लांब पात्याचं गवत. ते डेगीत कोंबून वाफेवर शिजवलं की गुलाबाच्या चुलतभावासारख्या वासाचं तेल निघतं. बाप गवत कापायचा, मोळ्या वाहायचा, जाळ घालायचा. तेल निघायला लागलं की मात्र त्याला तीन हात लांब उभं राहावं लागे. महाराच्या हातानं तेल बाटतं म्हणे. भांड्याशी शेठचा भाचा बसायचा. त्याला सर्दी बारा महिने, त्यामुळं चांगलं तेल कुठं संपलं आणि पाणचट कुठं सुरू झालं हे त्याच्या सात पिढ्यांना कळलं नसतं. मग तो लांबूनच विचारायचा, "काय रे, भांडं बदलू?" आणि बाप तीन हातांवरून हवेत नाक धरून सांगायचा, "आत्ता बदला, मालक." नाक महाराचं चालायचं. हात चालत नव्हते.

पुढं भट्टीचा धंदा बसला. बुडाला भोक पडलेली एक तांब्याची डेग शेठनं उकिरड्यामागं फेकली होती. बापानं ती उचलून आणली, तांबटाकडून ठिगळ मारून घेतलं, आणि मरेपर्यंत घरच्या परसात रोशाचं तेल काढलं. पोरीला शेजारी बसवून शिकवलं. आपल्या डेगीला आपण हात लावतो, याचंच त्याला एवढं अप्रूप, की काम नसलं तरी तो दिवसातून दोनदा ती पुसायचा.

सत्तावन्न साली गिरजाबाईचा नवरा बळीराम भिलाईला कामाला लागला. खलाशी. म्हणजे मोठमोठे लोखंडी गर्डर साखळदंडानं वर चढवणाऱ्या टोळीतला. नागपूरला दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं. घरातले देव नदीत गेले होते, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आला होता आणि सामानात होत्या दोन गोधड्या, एक कंदील आणि ही डेग. दुर्गच्या स्टेशनावर गिरजाबाई डेग डोक्यावर घेऊन उतरली तेव्हा बळीरामचा एक सोबती म्हणाला, "वैनी, आंथराले सतरंजी नाही, अन् पंगतीचं भांडं आणलं काय?"

"पंगतीचं नाही," गिरजाबाई म्हणाली. "माह्या बापाचं हाय."

कामगारांच्या कॅम्पातल्या झोपडीत डेग कोपऱ्यात उपडी पडली, आणि गिरजाबाई ठेकेदाराकडे रेजा म्हणून लागली. डोक्यावर घमेलं, घमेल्यात काँक्रीट, हजेरी सकाळी सातला.

आता मोह कुठून आला ते सांगतो. अठ्ठावनच्या मार्चात जमीन सपाट करायचं काम चाललं होतं. जिथं गावं होती तिथं आता खुंट्या आणि दोऱ्या होत्या. एक जुना मोह ऐन बहरात आडवा केला. फुलं सडा घातल्यासारखी पसरली आणि बुलडोझर त्यांच्यावरून गेला. क्षणभर डिझेल, धूळ, घाम सगळं मागं हटलं. गिरजाबाई घमेलं घेऊन थबकली. गोड, पण गुळासारखं नाही. जड, थोडं लोणकढं, खाली कुठंतरी सुवासिक तांदळाचा गरम भात. बापानं शिकवलं होतं की वासाला मजले असतात. या वासाला चार होते.

शेजारी उभ्या असलेल्या इंजिनिअर साहेबानं नाकाला रुमाल लावला. "साफ करो जल्दी. दारू की बू आती है."

गिरजाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. गुलाब शिशीत जातो, केवडा जातो, चिखलातली खसाची, म्हणजे वाळ्याची, मुळी जाते. मोहानं कुणाचं घोडं मारलं? फूल झाडावर असतं तेव्हा ते काय पिऊन असतं? पण मोह गोंडानं वेचला, गरिबानं खाल्ला, भट्टीवाल्यानं गाळला, म्हणून तो वासच हलका ठरला. माणसाची जात फुलाला चिकटवायची ही विद्या या देशाला बरी जमते. गिरजाबाईला ती लगेच ओळखू आली, कारण तीन हात लांब उभं राहिलेल्याची ती मुलगी होती.

त्याच संध्याकाळी तिनं डेग सरळ केली.

पहिलं वर्ष वाया गेलं. कॅम्प आणि कारखान्याचं कुंपण यांच्यामध्ये एक मोह उरला होता. ती सुट्टी झाल्यावर फुलं वेचायची. मोहाचं फूल पहाटे गळतं आणि दिवसभर उन्हात पडलं की संध्याकाळपर्यंत आंबायला लागतं. डेगीतून जे आलं ते नाकाशी धरताच तिनं गटारात ओतलं. साहेब म्हणाला होता तोच वास. जिभेला थेंब लावला नाही. दीक्षेच्या दिवशी शपथ घेतली होती, आणि गिरजाबाई शपथा मोजून मापून नव्हे, सबंध घेणारी बाई होती.

दुसऱ्या वर्षी ती पहाटेच उठून वेचायला लागली. ताजी फुलं, डेगीत पाणी, पाण्यात फुलं, झाकणाच्या कडेला ओल्या मातीचा लेप, तोंडातून बांबूची नळी, नळीचं दुसरं टोक थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. सगळं बापासारखं. पण रोशा गवत आहे आणि मोह साखर आहे. फुलं बुडाला बसली, करपली, आणि भांड्यात जळक्या गुळाचा वास आला. बळीराम कामावरून आला, दारातच थांबला.

"काय जळून राहिलं वो?"

"माह्यं नशीब."

"मले वाटलं भाजी," बळीराम म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. एवढंच. त्याच्या तोंडातून दिवसाला वीस शब्द निघत, त्यातले दहा टोळीत खर्च होत.

अक्कल दिली ती चंपानं. चंपा छत्तीसगढची, गिरजाबाईच्याच टोळीतली रेजा. जिथं आता कारखान्याचा रस्ता होता तिथं तिचं घर होतं, आणि ती रोज आपल्याच अंगणावरून घमेलं वाहायची. एका रविवारी ती फरा करत होती. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या, हंडीच्या तोंडावर काड्या आडव्या टाकून त्यांच्यावर वाफवलेल्या. गिरजाबाई जळक्या डेगीची कहाणी सांगत होती. चंपा हसून हसून वाकली.

"अई दीदी, तैं फूल ला पानी मं डार देस? पानी के ऊपर रख न, फरा कस!"

तिसरं वर्ष, म्हणजे एकोणीसशे साठ. हिवाळ्यात दोघींनी कुम्हारीकडच्या नाल्याकाठची खसाची मुळं खणून आणली आणि त्यांचं तेल आधी काढून ठेवलं. चंदनाचं तेल श्रीमंतांसाठी. वास धरून ठेवायला काहीतरी जड लागतं, तर गरिबाचं जड म्हणजे खस. मार्चात गिरजाबाईनं डेगीच्या आत, पाण्याच्या वर, बांबूच्या कामट्यांची जाळी बसवली. झाडाखाली लुगडं अंथरलं म्हणजे फुलाला माती लागत नाही. फुलं पडल्यापासून घटकाभरात डेगीत. जाळ एवढा मंद की बळीरामनं दोनदा विचारलं, विझला काय. सातला हजेरी, म्हणून सहाला जाळ काढायचा, दुसऱ्या पहाटे पुन्हा नवी फुलं, पुन्हा भांड्यातल्या त्याच खसाच्या तेलावर नवी वाफ. असे नऊ दिवस.

दहाव्या दिवशी तिनं भांड्यातलं पाणी नितळून काढलं. वर जे तेल उरलं त्यात काडी बुडवून चंपाच्या मनगटाला लावली.

चंपानं मनगट नाकाशी नेलं आणि बराच वेळ खाली आणलं नाही. मग म्हणाली, "ये तो मोर बबा के परछी आय." आमच्या आजोबांच्या ओसरीचा वास. ती ओसरी रस्त्याखाली गेली होती. दोघी हजेरीला गेल्या.

इथंपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते गिरजाबाईला अभिमान झाला म्हणून. वाटलं, जाणकाराला दाखवावं. जाणकार म्हणजे दुर्गच्या बाजारातला ओमप्रकाश अत्तरवाला. कानात अत्तराचा फाया, गल्ल्यामागं आरसा, आणि सेक्टर दहाच्या नव्या क्वार्टरांतल्या मॅडम लोकांची नावं तोंडपाठ. गिरजाबाईनं शिशी काढली. ओमप्रकाशनं हातावर घेतलं, डोळे मिटले, मान डोलवली.

"वाह! क्या बात है, बाई! कन्नौज का तो नहीं है. किसका माल है?"

"माह्यं."

"अरे, माल किस चीज़ का है?"

"मोहाचं. महुआ."

ओमप्रकाशचे डोळे उघडले. इतका वेळ ज्या हाताला तो देवघरातल्या उदबत्तीसारखा हुंगत होता, तोच हात त्यानं धोतराला पुसला. दोनदा. "महुआ! सुबह-सुबह दुकान में दारू लेके आ गई. चल, चल, आगे बढ़."

वास तोच, हात तोच, नाक तेच. फक्त नाव कळलं. अशा जाणकारांवर या देशातलं अत्तर चालतं, आणि बरंच काही चालतं.

एवढ्यावर थांबला असता तरी बरं होतं. पण त्याच दुकानात गुलाबाचं अत्तर घ्यायला शेषराव यायचे. शेषराव म्हणजे कॅम्पातल्या बुद्धविहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. कारखान्यात टाइमकीपर. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एकात शाई आणि एक नुसतं. कमिटीचं प्रोसिडिंग बुक त्यांनीच सुरू केलं होतं, आणि दर सभेत ते सांगायचे, "लक्षात ठेवा, जे लिहिलं नाही ते झालंच नाही." दर महिन्याला ते बुक नागपूरला वरच्या लोकांकडे तपासायला जायचं. नागपूरहून "कार्य समाधानकारक" असा शेरा आला की शेषराव तो आठ दिवस दाखवत फिरायचे, शाळेतल्या पोराला पेन्सिल बक्षीस मिळाल्यासारखे.

ओमप्रकाश त्यांना म्हणाला, "आपकी बिरादरी की एक बाई महुआ चुआ रही है, शेषराव जी. ज़रा सँभालिए." चुआना म्हणजे दारू गाळणं.

दुसऱ्या दिवशी, गिरजाबाई कामावरून येऊन चुलीशी बसली होती तोच शेषराव चार माणसं घेऊन दारात. मागं कमिटीचे सेक्रेटरी गुलाबराव, काखेत बुक. डेग धुऊन वाळत ठेवली होती. शेजारी नळी, कामट्यांची जाळी, माती.

"हे काय होय?" शेषराव.

"अत्तराची डेग, जी."

"कशाचं अत्तर?"

"मोहाचं."

शेषराव मागच्यांकडं वळून हसले. "मोहाचं अत्तर! आमाले काय शेंबडी पोरं समजता, बाई? दीक्षा घेऊन चार वर्षं झाली नाहीत अन् घरात भट्टी लावता? बाबासाहेबांच्या फोटोखाली?"

"भट्टी नाही. शिशी इथं हाय, वास त घेऊन पाहा."

शेषराव एक पाऊल मागं सरले. तळहात पुढं धरला, जसा शेठचा भाचा बापाला लांब ठेवायला धरायचा. "आम्ही असल्या वस्तूले नाक लावत नाही. गुलाबराव, लिहून घ्या. डेग एक. नळी एक. डेग विहारात जमा करा. रविवारी वंदना झाली की सगळ्या समाजासमोर फोडायची." मग जरा थांबून, कारण माणसाला चाबूक मारायचा तर मूठ त्याच्याच घरच्याची असावी ही अक्कल पाटलांपासून चालत आलेली, "बळीराम फोडील. त्याचा हात घणावर बसलेला हाय. त्यानं फोडली त समाज त्याले साफ धरील."

बळीराम दारात उभा होता. बाजूला सरला. चौघांनी डेग उचलली. अशी उचलली, जणू मेलेलं जनावर असावं.

रविवारला सहा दिवस होते. मोहाचा बहर चालू होता आणि झाडाखाली फुलं पडून आंबत होती. आता कुठं खरा दारूचा वास सुटला होता. पण त्याचा पंचनामा करायला कुणी आलं नाही. गिरजाबाई कामावर जायची, यायची. चंपानं विचारलं, तर म्हणाली, "बापानं उकिरड्यावरून उचलून आणली. आता आपले लोक उकिरड्यावर टाकणार. शेठ परवडला. त्यानं भोक पडल्यावर टाकली होती."

शनिवारी ती बळीरामला म्हणाली, "तू मारशील?"

बळीराम बिडी विझवत होता. "कमिटी हाय."

"कमिटी माह्याशी लग्न करून आली होती काय?"

"आपल्याले समाजात राहावं लागते, गिरजा."

"गावात पंच म्हणायचे, तेही हेच म्हणायचे. पंच गेले म्हणून नाचत आलो आपून. पाहून घे, पंचाईनं फक्त सदरा बदलला."

बळीरामनं विझलेली बिडी पुन्हा पेटवली. दिवसाचे वीस शब्द संपले असावेत.

रविवारी दुपारी चारला विहारात माणूस मावत नव्हता. विहार म्हणजे टिनाचं शेड, पण नीळ लावून पांढरं केलेलं, समोर निळा झेंडा. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, मधल्या मोकळ्या जागेत डेग उपडी. शेजारी कारखान्यातून आणलेला घण आणि घणाशेजारी बळीराम. वंदना झाली. मेणबत्त्या लागल्या. दोनशे लोकांनी त्रिशरण म्हटलं आणि मग दोनशे लोकांनी डेगीकडं पाहिलं, कत्तलखान्यात बोकडाकडं पाहतात तसं.

गुलाबरावांनी बुक उघडून वाचलं: "ठराव क्रमांक चार. सौ. गिरजाबाई बळीराम यांचे घरी मोहाची दारू गाळण्याचे साहित्य मिळून आले व दारू गाळल्याचे सभेत सिद्ध झाले. सबब डेग फोडून टाकावी, व सदर बाईस एक वर्ष समाजकार्यापासून दूर ठेवावे. सूचक, श्री. शेषरावजी."

गिरजाबाई उठली. पदर खोचला. ती रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली होती. शिका म्हटलं होतं ना, म्हणून शिकली. चालत गेली आणि गुलाबरावांच्या खांद्यावरून बुकात पाहिलं. ओळीवरून बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं.

"शाई त पार वाळली, गुलाबराव. सभा आता सुरू झाली. सिद्ध कवा झालं जी, काल की परवा?"

बायांमधून फुसकन हसू आलं. शेषराव उठले. "वेळ वाचवाले आधी लिहिलं. मुद्दा वेगळा हाय. शपथ घेतली का नाही?"

"घेतली. दारू पिणार नाही, अशी घेतली. तुमी सांगा, फुलाचा वास घेणार नाही अशी कोणती शपथ हाय? मीही घेऊन टाकतो, सोबत मोगरा, शेवंती, सगळं सोडतो."

"शब्दाचा कीस पाडू नका! दारू ते दारू."

"कावून दारू? कोणी पाह्यली? कोणी प्यायली?"

"प्यायची गरज नाही. वास लपते काय?"

"तुमी त वास घेतलाच नव्हता," गिरजाबाई म्हणाली. "नाक लावत नाही म्हणाले होते." आणि तिनं कनवटीची शिशी काढून बूच उघडलं, त्यांच्यासमोर धरलं. "आता घ्या. दोनशे लोकांपुढं घ्या. अन् सांगा."

आता मागं सरता येईना. शेषरावांनी मान पुढं केली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. शेषरावांच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते गिरजाबाईनं नीट पाहिलं, कारण ती जवळ होती. ते सुख होतं. एका क्षणापुरतं. मग ते सभेकडं वळले, दोन्ही हात वर केले आणि जोरात म्हणाले:

"साफ हाय! साफ पहिल्या धारेची! दुसऱ्या धारेले असा गोड वास येतच नाही, दुसरी आंबूस येते. अन् पाणी घातलेली असली त मंग बिलकूल—"

तिथं ते थांबले. पण बाण सुटला होता. बायांच्या मागच्या रांगेतून कुणाचातरी आवाज आला, "अगं माय वो! टाइमकीपरले धारेचाही टाइम ठाऊक हाय!"

सगळं शेड हसायला लागलं. टिनावर गारा पडाव्या तसं. म्हातारे हसले, ज्यांनी डेग उचलून आणली होती ते चौघंही खाली मान घालून हसले. एकटी गिरजाबाई हसली नाही. तिनं शिशीला बूच लावलं.

"लिहा, गुलाबराव."

"काय लिहू?"

"हेच. शेषरावजींनी वास घेतला. पहिली धार कशी, दुसरी कशी, पाणी घातलेली कशी, हे त्याईनं सभेले समजावून सांगितलं. त्याईच्या जाणकारीवरून डेग फोडली. खाली त्याईची सही घ्या. मंग खुशाल फोडा. मी हूं का चूं करणार नाही. एक वर्ष काय, दहा वर्षं दूर ठेवा."

"हे लिहायचं काही कारण नाही," शेषराव म्हणाले. त्यांचा आवाज सदऱ्याच्या आत गेला होता.

"कावून नाही? तुमीच सांगता ना दर सभेत. लिहिलं नाही ते झालंच नाही. मंग माही डेग कोणत्या आधारावर फुटते? लिहा, अन् धाडा नागपूरले. त्याईलेही कळू द्या, भिलाईत दारूचा पारखी कोण हाय ते."

गुलाबराव पेन धरून बसले. टोकाला शाईचा थेंब जमला आणि कागदावर पडला, पण अक्षर उमटलं नाही. शेषराव आता चिडले. हरलेला माणूस चिडतो तेव्हा त्याला दुसऱ्याचा हात आठवतो.

"बळीराम! काय तमाशा पाहून राहिला? उचल घण! मार!"

बळीरामनं घण उचलला. गर्डर चढवणारा हात. एका घावात ठिगळासकट डेग सपाट झाली असती. त्यानं डेगीकडं पाहिलं, शेषरावांकडं पाहिलं, मग गुलाबरावांच्या पेनाकडं.

"आंदी लिवू द्या," तो म्हणाला.

आणि घण जमिनीवर टेकवून त्याच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. बायकोकडं पाहिलं नाही. सगळा आठवडा कमिटीपुढं नंदीबैल झालेला हा माणूस बोलला ते तीन शब्द. पण ते बरोबर जागी ठेवले.

लिहिलं कुणीच नाही. शेषरावांना एकदम आठवलं की त्यांची दुसरी पाळी आहे. अध्यक्ष गेले म्हणून सेक्रेटरी गेले. माफी कुणी मागितली नाही, डेग घेऊन जा असंही कुणी म्हटलं नाही. आपल्याकडं चूक झाली की लोक एकदम घराकडं चालू लागतात. गिरजाबाईनं डेग सरळ केली, डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून नेली. मदतीला दोघं पुढं आले. "तीन हात लांब राहा," ती म्हणाली.

बहर सरत आला होता. आणखी दोनदाच डेग लागली. सगळ्या मिळून सात शिश्या झाल्या, करंगळीएवढ्या. ओमप्रकाशचा निरोप आला: माल अच्छा है, सगळा घेतो, पण लेबलावर महुआ नको, 'जंगल बहार' लिहू. गिरजाबाईनं उलट निरोप धाडला, त्याले म्हणा तू आंदी धोतर धू. नाव मोहच राहील. त्यामुळं विक्री शून्य. एक शिशी चंपाला गेली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गिरजाबाई पांढऱ्या लुगड्याला मोहाचं अत्तर लावून बायांच्या पहिल्या रांगेत चालली. शेषराव पुढं झेंडा धरून होते, आणि वारा मागून होता. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. लावायची सोय राहिली नव्हती.

मे महिन्यात पुढची सभा भरली. रीतीप्रमाणं गुलाबरावांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. ठराव चारचं पान फाडलेलं, त्याच्या जागी एकच ओळ: "मागील सभा कोरमअभावी तहकूब."

दोनशे माणूस होतं, आणि कोरम नव्हता! शेडभर चुळबूळ झाली. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं, भिंतीला टेकून बसलेला बळीराम म्हणाला, "मंग आपून सारे काय भुतं होतो, जी?"

हशा ओसरेपर्यंत गुलाबरावांनी ती ओळ घाईघाईनं खोडली. तिच्या जागी काय लिहावं हे त्यांना सुचेना. शेषराव छताचं टिन मोजत होते. गिरजाबाई उठली, पुढं गेली, कनवटीची शिशी काढली.

"काही लिहू नका," ती म्हणाली. "जागा तेवढी ठेवा." आणि खोडलेल्या ओळीखाली, कोऱ्या कागदावर, काडीनं दोन थेंब सोडले.

बुक दोन दिवसांनी नागपूरला गेलं. महिन्यानं परत आलं. त्या पानावरची ती कोरी जागा तेलानं अर्धपारदर्शक झाली होती आणि पान उघडलं की अजून वास येत होता. बाकी सगळ्या पानांवर शेरे होते. त्या पानावर कुणीच काही लिहिलं नव्हतं. वास कशाचा, हे लिहायचं धाडस नागपुरात कुणाला झालं नसावं. लिहिलं असतं तर तो मोहाचा म्हणून आधी ओळखावा लागला असता.